मागचं इंजिन

गेणूभाऊंच्या हातांना एकतीस वर्षं दोनच कामं माहीत होती, जोडायचं आणि सोडायचं. लोणावळ्याच्या स्टेशनात ते पॉइंटमन होते. कर्जतहून गाडी घाट चढायला निघते तेव्हा तिच्या पाठीला आणखी इंजिनं लावतात, मागून ढकलायला. घाट संपतो, गाडी लोणावळ्यात येऊन दम खाते, आणि मग ती मागची इंजिनं सोडवावी लागतात. गेणूभाऊ रुळांत उतरायचे, हवेच्या नळ्या मोकळ्या करायचे, जोड सोडवायचे आणि बाजूला होऊन झेंडी दाखवायचे. गाडी पुण्याच्या सपाटीकडं निघून जायची. आत बसलेल्या हजार माणसांतल्या एकाच्याही मनात येत नसेल, की एवढा डोंगर आपल्याला कुणी मागून लोटत आणलं.

झुंबरबाईच्या मनात मात्र आलं होतं. लग्न होऊन लोणावळ्याजवळच्या औंढ्याला आली त्याच वर्षी ती एकदा नवऱ्याचा डबा घेऊन स्टेशनात गेली, पुलावर उभी राहून तिनं हे सगळं पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी जात्यावर बसून गायली :

घाट चढताना, गाडीला आला दम
पाठीशी उभा ठाम, कंत माजा

गावातल्या बायांनी ती ओवी उचलली. पुढं गेणूभाऊ सायकल घेऊन ड्यूटीला निघाले की पाणंदीतून कुणी ना कुणी हाळी द्यायचीच, "निगालं का ठाम?" ते लाजायचे आणि आतून सुखावायचे.

औंढ्यात झुंबरबाईवाचून हळद दळली जात नव्हती. हळद आता दळलेली, पिशवीतली मिळते. पण लग्नाच्या घरी पहिल्या पाच मुठी जात्यावरच दळायच्या, खुंट्याला सुपारी बांधायची, पाच सवाष्णींनी हात लावायचा आणि नवरीच्या नावानं गायचं, हा रिवाज गावानं सोडलेला नव्हता. दर नवरीला झुंबरबाईची नवी ओवी मिळायची. तिचा शेवटचा तुकडा मात्र ती आधी कधी बांधायची नाही. तो जात्याच्या तोंडून येतो, म्हणायची. आणि यायचाच. बाया रडायच्या, नवरीची आई तर जात्यावर डोकं टेकायची.

अशी बाई एका भादव्यात गप्प झाली.

काही घडलं असतं तर बरं झालं असतं, निदान बोट ठेवायला जागा मिळाली असती. कुणी गेलं नव्हतं, काही हरवलं नव्हतं. गेणूभाऊ रिटायर होऊन घरी होते, पेन्शन येत होती, एकुलती लेक पिंकी लोणावळ्यात एका हॉटेलाच्या काउंटरवर कामाला होती. तरी झुंबरबाईपुढचा चहा साय धरून निवून जायचा. लावणीच्या चिखलात ती रोपांची मूठ हातात धरून उभी राहायची, शेजारच्या बाया पाच हात पुढं सरकायच्या आणि ती तिथंच. रडायचीही नाही. एकदा पिंकीनं फारच खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "घरात दिवा लावल्याला हाय बाय, पन आत मानूस न्हाई. तसं झालंय."

आधी नजर काढून झाली. कार्ल्याच्या डोंगरावर देवीला नारळ देऊन झाला. मग पिंकीनंच हट्ट धरला आणि आईला लोणावळ्यात नेलं. तिथं आठवड्यातून दोन दिवस मनाच्या आजाराच्या डॉक्टरीणबाई येत. त्यांनी गोळी दिली. तीन महिने घेतली, फरक नाही. ती हळूहळू बंद करून दुसरी दिली, तिची मात्रा वाढवत नेली, आणखी सहा महिने गेले. झोप सुधारली, दोन घास पोटात जायला लागले, पण झुंबरबाई काही परत आली नाही.

मग एक दिवस डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला ठेवला आणि गेणूभाऊंना विचारलं, बाबा, तुम्ही नोकरीला कुठं होतात? गेणूभाऊंनी सांगितलं. तशी त्या हसल्या.

"मग तुम्हाला सांगणं सोपं आहे. काही जणांची उदासी फार चिवट असते. एकटी गोळी गाडी ओढते, पण घाट चढत नाही. म्हणून आता मागून एक लहान इंजिन लावू या. ही बारकी गोळी. खरं तर ही दुसऱ्या एका मोठ्या आजारासाठी बनवलेली आहे, तिथं जास्त मात्रेत देतात. इथं अगदी थोडी, पहिलीला जोर यावा म्हणून."

गेणूभाऊंना इतके महिने डॉक्टरचं बोलणं कधी समजलं नव्हतं. आज लख्ख समजलं. कुठला मोठा आजार, हे विचारायचं त्यांच्या मनातही आलं नाही. डॉक्टरीणबाईंनी पुढं बरंच सांगितलं : पाय चुळबुळतील, भूक वाढेल, मधून मधून रक्त तपासू, त्रास वाटला तर या नंबरला फोन करा, पण आपल्या मनानं बंद करू नका. पिंकीनं ते सगळं कागदावर लिहून घेतलं. गेणूभाऊंच्या कानात मात्र इंजिनच फिरत होतं.

गोळ्यांचा डबा त्यांनी स्वतःकडं घेतला. रोज सकाळी न्याहारी झाली की एक पांढरी मोठी आणि एक ती मोहरीपेक्षा जराशी मोठी, अशा दोन गोळ्या ते बायकोच्या तळहातावर ठेवायचे आणि ती गिळेपर्यंत समोर उभे राहायचे.

पंधरा दिवस काही नाही. तिसऱ्या आठवड्यात जेवताना झुंबरबाई म्हणाली, "आमटीला मीठ कमी पडलंय."

बापलेकीनं एकमेकांकडं पाहिलं. दीड वर्षात तिनं चवीबद्दल शब्द काढला नव्हता. पिंकी मीठ आणायच्या निमित्तानं आत गेली ती डोळे पुसूनच बाहेर आली.

मग एक एक परतायला लागलं. केसाला तेल लागलं. शेजारणीच्या सुनेचं बारसं झालं, तिथं ती जाऊन आली. पाय मात्र स्वस्थ बसेनात, अंगणात या टोकाकडून त्या टोकाकडं तिच्या फेऱ्या चालायच्या. पिंकीनं डॉक्टरीणबाईंना फोन केला, त्यांनी मात्रा जराशी उतरवून दिली, फेऱ्या कमी झाल्या पण थांबल्या नाहीत. झुंबरबाई नवऱ्याला म्हणाली, "तुमच्या इंजानानं माज्या पायाला चाकं बशिवली." हा तिचा दीड वर्षातला पहिला विनोद. गेणूभाऊंनी तो त्या दिवशी चार जणांना सांगितला.

संक्रांतीनंतर पिंकीची सोयरीक आली. मुलगा कार्ल्याचा, स्वराज नावाचा, तळेगावच्या कारखान्यात कामाला. पोरंपोरी आधीच एकमेकांना ओळखत होती, वडीलधाऱ्यांनी फक्त सुपारी फोडायची होती. बघायला सात माणसं आली. झुंबरबाईनं स्वतः पोहे केले, विहिणीशी बोलली, हसली. कुणाला काही जाणवलं नाही. वैशाखातली तारीख धरली आणि पाहुणे उठले.

उठता उठता स्वराजची मावशी, सरूबाई, पाणी प्यायला आत गेली होती. ती बाहेर आली आणि कुंपणाशी गेणूभाऊंना बाजूला घेऊन हळू आवाजात बोलली.

"भाऊ, वाईट वाटून घिऊ नका. फडताळावर गोळ्यांचा डबा दिसला. त्यातलं बारकं पाकीट मी वळखते. आमच्या जावेच्या भावाला हीच गोळी असायची. त्यो येरवड्याला व्हता."

सरूबाई म्हणाली, ती कुणाला सांगणार नाही, कुणाचं दुखणं काय ते कुणाचं काय. फक्त लग्नाचं घर आहे, माणसं येणार जाणार, तर डबा आत ठेवावा.

डबा आत ठेवावा, एवढंच ती म्हणाली होती. हे गेणूभाऊंना पुढं फार वेळा आठवलं.

त्या दिवसापासून त्यांना ती बारकी गोळी हातात घेववेना. आपली झुंबर आणि येरवडा! ज्या आजारात माणसं रस्त्यानं स्वतःशी बोलत फिरतात, त्या आजाराची गोळी आपण रोज सकाळी तिच्या तळहातावर ठेवतोय. पिंकीला विचारावं तर तिच्या कानावर जाईल, लग्नाच्या तोंडावर तिला घोर लागेल. डॉक्टरीणबाईंचा नंबर कागदावर होता, कागद डब्यातच होता. पण फोन लावून विचारायचं काय? माझी बायको वेडी आहे का, हे? हे वाक्य त्यांच्याच्यानं मनातसुद्धा पुरं होईना.

फाल्गुनात पत्रिकांचं बघायला ते लोणावळ्याला गेले. काम झालं, आणि जुन्या सवयीनं पाय स्टेशनाकडं वळले. पुलावर, जिथं कधीकाळी झुंबर डबा घेऊन उभी राहिली होती, तिथं ते उभे राहिले. मुंबईहून गाडी आली. थांबली. एक नवा पॉइंटमन खाली उतरला, नळ्या सुटल्या, जोड सुटला, झेंडी हलली. मागची इंजिनं मागं राहिली आणि गाडी पुढं गेली, अगदी सहज, जशी काही ती कधी कुणाच्या जोरावर आलीच नव्हती.

गेणूभाऊ बघत राहिले. झुंबर पोहे करते. हसते. बारशाला जाते. मग घाट संपला की. घाट संपल्यावर मागचं इंजिन कुणी पुण्यापर्यंत नेतं का?

लाज होती ती मुळाशी. पण लाजेला उघडं चालवत नाही, तिला काहीतरी पांघरायला लागतं. गेणूभाऊंच्या लाजेला त्यांच्या एकतीस वर्षांच्या नोकरीचं पांघरूण मिळालं.

दुसऱ्या सकाळी त्यांनी तळहातावर एकच गोळी ठेवली. झुंबरबाईनं विचारलं, "बारकी?"

"डॉक्टरनी बंद कराया सांगितली. तू बरी झालीस."

ती इतकी खुलून हसली, की क्षणभर त्यांना आपण खरंच बोललो असं वाटलं. बारकी गोळी त्यांनी चुन्याच्या रिकाम्या डबीत टाकली. टाकून द्यायला हात होईना, औषध ते. रोज एक गोळी पाकिटातून निघायची आणि डबीत पडायची, म्हणजे पिंकीला पाकीट रिकामं होताना दिसायचं.

पहिले तीन आठवडे तर सोन्याचे गेले. झुंबरबाईचे पायही थांबले. फेऱ्या बंद झाल्या, ती शांत बसून पिंकीच्या साड्यांना फॉल लावायची. गेणूभाऊंनी मनातल्या मनात झेंडी दाखवली. एका दुपारी शिवता शिवता ती गुणगुणली, आणि ते दाराआड थांबून ऐकत राहिले :

हळद दळीते, दाराशी येई वरात
लेक उंबऱ्यात...

आणि थांबली. पिंकीनं विचारलं, पुढं काय गं? झुंबरबाई म्हणाली, "पुढचं त्या दिशी. आत्ताच सांगितलं तर मग रडशील कवा?" पिंकी म्हणाली, मी काय रडायची नाही, मेकअपचे पैसे भरलेत. दोघी हसल्या. दाराआडचे गेणूभाऊही हसले.

चैत्र सरताना पहिल्यांदा चहावर साय दिसली.

गेणूभाऊंनी ती पाहिली आणि पाहिली नाही असं केलं. लग्नाची दगदग आहे, म्हणाले. मग साडीचा फॉल अर्धाच लागून सुई तशीच टोचलेली राहिली. मग केसाचं तेल तुटलं. पिंकीनं डॉक्टरीणबाईंकडं जायचं काढलं, तर ते म्हणाले, तारीख तोंडावर आलीय, लग्न उरकलं की जाऊ. हळदीच्या चार दिवस आधी त्यांचा धीर सुटला आणि त्यांनी निमूटपणे बारकी गोळी पुन्हा तिच्या हातावर ठेवली. झुंबरबाईनं विचारलंसुद्धा नाही, की बंद झालेली गोळी आज परत कशी. गिळली. पण चढायला जिला महिना लागला होता, ती चार दिवसांत काय चढणार? चढणीवर मधेच जोड सुटला तर डबे कुठवर मागं घसरतात, ते गेणूभाऊंनी नोकरीत ऐकलं होतं. घरात पहिल्यांदा पाहिलं.

हळदीच्या दिवशी ओट्यावर जातं मांडलं. खुंट्याला सुपारी बांधली. बायांनी झुंबरबाईला नवी साडी नेसवून आणून बसवलं, तिचा हात धरून खुंट्यावर ठेवला. जातं फिरायला लागलं आणि त्याच्याबरोबर तिचा हात फिरायला लागला, चाकाला चिकटलेला पाला फिरतो तसा. बायांनी तिच्याच जुन्या ओव्या गायला घेतल्या. एक झाली, दोन झाल्या, आणि मग सगळ्या थांबल्या. आता नवरीची ओवी यायची होती.

झुंबरबाई जात्यातून पडणाऱ्या पिवळ्या पिठाकडं बघत होती. बघत तरी होती का, कोण जाणे.

जात्याची घरघर तेवढी राहिली. शेवटी पिंकीच बोलली. नवरीनं आपल्या हळदीला गाऊ नये म्हणतात, पण ती गायली, अगदी बारीक आवाजात. हळद दळीते, दाराशी येई वरात, लेक उंबऱ्यात. तिथं आली आणि आईच्या तोंडाकडं बघत थांबली. सगळ्या बाया झुंबरबाईकडं बघत होत्या. पुढचा तुकडा ज्या गळ्यात होता, तो गळा हलला नाही.

एक म्हातारी म्हणाली, "दळा गं, हळद सादळंल." आणि जातं पुन्हा फिरायला लागलं, मुकाट.

गेणूभाऊ मांडवाचा खांब धरून उभे होते. कुणाला कळू नये म्हणून त्यांनी जे केलं होतं, त्यानंच आज सगळ्या गावाला कळलं.

लग्न लागलं. पाठवणीच्या वेळी स्वराजची आई गेणूभाऊंजवळ आली. त्यांना वाटलं, आता ही बोलणार. ती बोललीही.

"इहीनबाईंचं औषध थांबवू नका बरं का. आमाला पयल्या दिसापासनं ठावं हाय. आमच्या सरूच्या तोंडात कुटं तीळ भिजतोय? म्हनली, बाईला दुखनं हाय पन औषध चालू हाय, येवस्थित हाय. मग आमी म्हनलं, आपल्याला काय, मानूस गोड हाय."

गेणूभाऊंनी हात जोडले.

आठ दिवसांनी ते झुंबरबाईला घेऊन डॉक्टरीणबाईंसमोर बसले. पिंकीही आली होती, हातावरची मेंदी अजून गेली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी झुंबरबाईशी बराच वेळ बोलायचा प्रयत्न केला. मग त्यांचा चेहरा उतरला. त्या पिंकीला म्हणाल्या, इतकं छान चाललं होतं. गोळी रोज घेत असूनही खाली आल्या, म्हणजे हीही पुरी पडत नाही असं धरावं लागेल. आता ती बंद करून वेगळं काहीतरी, पुण्याला दाखल करून, विजेचे उपचारसुद्धा बघावे लागतील, ते वाईट नसतात, घाबरू नका. आणि त्यांनी पेन उचललं.

गेणूभाऊंना कळलं, की हे पेन कागदावर टेकलं की ती गोळी खोटी ठरणार. जिनं झुंबरला आमटीचं मीठ परत दिलं, ती. आणि तिला खोटं ठरवणारी चूक आपल्या खिशात आहे.

त्यांनी चुन्याची डबी काढून टेबलावर ठेवली आणि उघडली.

डॉक्टरीणबाईंनी आत पाहिलं. पिंकीनं पाहिलं. बाहेर बाजारात चिक्कीच्या दुकानापुढं कुणीतरी गाडी मागं घेत होतं, त्याचं पीं पीं तेवढं ऐकू येत होतं.

"ती न्हाई खाली आली," गेणूभाऊ म्हणाले. "मी आनली. सात आठवडं गोळी दिलीच न्हाई. मला वाटलं, घाट संपला."

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. त्या चिडतील असं त्यांना वाटलं होतं, चिडल्या असत्या तर सोसलं असतं. पण त्या डबीतल्या गोळ्यांकडं बघत म्हणाल्या, "इंजिनाचं मीच सांगितलं होतं ना तुम्हाला. ते कधी सोडायचं, हे सांगायचं माझ्याकडून राहिलं." मग त्यांनी नीट समजावलं, या वेळी उदाहरण न देता. बरं वाटायला लागल्यावरही पुष्कळ महिने ही गोळी चालू ठेवावी लागते. कमी करायची तर त्या करतील, पायरीपायरीनं, बघत बघत. आणि गेणूभाऊंनी न विचारलेलंही त्यांनी सांगितलं : वेडाची गोळी, शहाण्याची गोळी असं काही नसतं, ज्याला जी लागू पडते ती त्याची गोळी. हिच्या अंगाला ही लागू पडली होती. पुन्हा पडेल अशी आशा आहे, पण तशीच्या तशी, तितकीच पडेल, असं वचन त्या देऊ शकत नाहीत.

"आणि बाबा, हे त्यांना तुम्ही सांगा. आज नको. त्या ऐकण्याइतक्या बऱ्या झाल्या की."

पिंकी पायऱ्या उतरताना वडिलांशी बोलली नाही. एसटीत बसवताना तिनं आईचा पदर सारखा केला आणि खाली उतरून गेली. दोन महिने तिचे फोन आईला यायचे. वडिलांना नाही.

झुंबरबाई परत यायला पावसाळा गेला. भाताच्या लोंब्या भरल्या तेव्हा एकदा ती म्हणाली, यंदा दाणा चांगला धरलाय. दसऱ्याला तिनं दाराला तोरण लावलं. पण आधी परतली होती तेवढी ती या वेळी परतली नाही. हसते, पण हसू डोळ्यांच्या अलीकडंच थांबतं. गुणगुणते, पण जुनंच. डॉक्टरीणबाई म्हणतात, वेळ द्या. गेणूभाऊ वेळ देतात. त्यांच्याकडं दुसरं आहे काय द्यायला?

दिवाळीला पिंकी माहेरी येऊन गेली. बापाशी बोलली, जेवढ्यास तेवढं. ती गेली त्या दुपारी झुंबरबाई ओट्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता तिनं विचारलं, "पिंकीच्या हळदीला मी काय म्हनले वो? मला ते दिस आठवत न्हाईत. तिला इचारलं तर इषय बदलती."

ती ऐकण्याइतकी बरी झाली होती. गेणूभाऊंना सहा महिने या प्रश्नाची भीती होती आणि सहा महिने त्याची वाटही होती.

"न्हाई म्हनलीस," ते म्हणाले. "तुला म्हनता आलं न्हाई. मी तुजी बारकी गोळी बंद केल्ती. डॉक्टरनी न्हवती सांगितली. मी खोटं बोल्लो."

मग त्यांनी सगळं सांगितलं. सरूबाई, येरवडा, पूल, चुन्याची डबी. लाज वाटली, हेही सांगितलं, ते सांगायला सगळ्यात वेळ लागला. झुंबरबाईची बोटं सुपात चालत होती, खडा दिसला की उचलत होती, बाजूला टाकत होती. बोलणं संपलं तरी चालत राहिली.

"आनि ती ववी?"

"दोन तुकडं तू आधीच बांधलं व्हतं. पिंकीनं म्हनलं तेवढं. शेवटला ऱ्हायला."

त्यांनी त्या दोन ओळी तिला म्हणून दाखवल्या. गळा नव्हता त्यांना, नुसतं बोलल्यासारखं म्हणाले. झुंबरबाईनं ऐकलं. तिचे ओठ जरा हलले, जसं काही पुढचं शोधत होती. मग तिनं मान हलवली.

"न्हाई. गेलं ते."

लांबून गाडीचा भोंगा आला. घाट चढून वर येताना देतात तसा. दोघांनीही तो ऐकला. झुंबरबाईनं सूप बाजूला ठेवलं.

"आवो, ते मागलं इंजान कवा सोडायचं, ह्ये कोन ठरवत व्हतं? तुमी?"

"न्हाई," गेणूभाऊ म्हणाले. "आमी कोन ठरवनार? वरनं हुकूम यायचा. हुकूम आल्याबिगर आमी जोडाला हात बी लावत न्हवतो."

"मंजी एकतीस वर्सं तुमास्नी ठावं व्हतं."

तिनं ते रागानं म्हटलं नाही. तांदळातला खडा दाखवावा तसं म्हटलं. मग ती गुडघ्यावर हात टेकत उठली, आत गेली, आणि गेणूभाऊंना फडताळावरून डबा काढल्याचा आवाज आला, मग तिच्या लोखंडी पेटीचं झाकण वाजलं.

दुसऱ्या सकाळी न्याहारी झाल्यावर सवयीनं ते फडताळाकडं गेले. तिथं डब्याचा गोल डाग तेवढा होता. झुंबरबाई दारात उभी होती, तळहातावर दोन गोळ्या घेऊन, एक मोठी आणि एक बारकी. तिनं त्या तोंडात टाकल्या, तांब्यातलं पाणी प्यायली आणि अंगणात निघून गेली.

गेणूभाऊ रिकामे हात घेऊन बाजूला उभे राहिले.